निळ्या नवरीवरची रांग

इन्शिराहबद्दल वर्तमानपत्रात आजवर दोनदा छापून आलं आणि दोन्ही वेळा चुकीचं आलं. पहिल्यांदा तिला ‘हौशी चित्रकर्ती’ म्हटलं होतं. दुसऱ्यांदा ‘उस्ताद बदीअ खोर्शीद यांचं हरवलेलं चित्र जिच्या घरात सापडलं ती वृद्ध शेजारीण’. ती हौशी नाही, बदीअची शेजारीण नाही, आणि चित्र कधी हरवलंच नव्हतं. शेजारीण तिची मी. बावन्न वर्षांपूर्वी लग्न होऊन समुद्राकाठच्या अन्फूशी वस्तीतल्या या इमारतीत आले तेव्हापासून ती माझ्या डोक्यावर चालते आहे. आम्ही दोघी एकाच मुलींच्या शाळेत होतो, मी रसायनशास्त्र शिकवायचे आणि ती चित्रकला. खोटं छापून आलेलं दुरुस्त केल्याशिवाय मला चैन पडत नाही, म्हणून लिहिते आहे.

तिचे वडील मुअल्लिम दखाखनी, मुअल्लिम म्हणजे कसबातला उस्ताद, बोटी रंगवायचे. चित्रं नव्हेत, बोटी. जहाजबांधणीच्या वाड्यावर लाकूड घासायचं, फटी बुजवायच्या, तीन हात रंग द्यायचा, पुढच्या टोकाला डोळा काढायचा आणि मालकाच्या मुलीचं नाव लिहायचं. इन्शिराह आठव्या वर्षापासून त्यांच्या हाताखाली सरस शिजवायला बसायची. तो वास तिच्या केसांना अजून येतो आणि तिला त्याची लाज नाही. शिक्षिका झाली, जकातीच्या कचेरीतल्या सब्रीशी लग्न केलं. सब्री सज्जन माणूस. टर्पेंटाइनचा वास भाताला येऊ नये, एवढी एकच अट त्याने घातली होती. ती तिने बऱ्यापैकी पाळली. तो गेला त्याला पंचवीस वर्षं झाली. मुलगी कुवेतला असते, ताकदीच्या गोळ्या पाठवते. त्या मी खाते.

तिची खोली गच्चीवर आहे. आधी तिथे कबुतरं होती. खिडकी समुद्राकडे, म्हणजे चित्रकाराला नको त्याच बाजूला. खारं वारं आत येतं, कापड ढिलं पडतं, खिळे गंजतात. मी एकदा म्हटलं, “अगं, खिडकी तरी बुजव.” तर म्हणाली, “समुद्राची सवय नसलेलं चित्र या गावात जगणार कसं?” कापड ती विकतचं तयार कधी घेत नाही. दम्मूर घेते, म्हणजे आपण पिठाच्या पिशव्या शिवतो ते कोरं भरड सुती कापड. ते दोनदा धुते, चौकटीवर ताणते, सरस लावते, वाळवते, घासते, मग खडू आणि जस्ताची पांढरी भुकटी सरसात कालवून अस्तर देते. हे सगळं तळहाताने. ब्रश फक्त शेवटच्या हाताला. चित्र झालं की चाळीस दिवस तोंड भिंतीकडे. चाळीस दिवसांनी वळवायचं आणि पहिल्या नजरेत जे खटकेल तेवढंच दुरुस्त करायचं. दुसऱ्या नजरेला दुरुस्तीचा हक्क नाही, कारण दुसरी नजर लबाड असते, असं ती म्हणते.

आता शनिवारवाले. १९६८ ते ७९ पर्यंत या गावात तेरा चित्रकारांचा एक गट होता. अत्तारीनमधल्या एका तळघरात दर शनिवारी भेटायचे. बाराजण कला महाविद्यालयातून शिकून आलेले. तेरावी इन्शिराह. तिला घेतलं ते चित्रांसाठी नव्हे, हे मी स्पष्टच सांगते. तिच्यासारखं अस्तर कुणाला देता येत नव्हतं म्हणून घेतलं. सगळ्यांची कापडं ती तयार करून द्यायची. “बारा चित्रकार आणि एक सरसवाली,” असं बदीअ खोर्शीद गटाची ओळख करून देताना म्हणायचा. गमतीने म्हणायचा. गमतीने म्हटलेलं जास्त दिवस लक्षात राहतं.

सरसवालीचं लक्ष मात्र सगळ्यांच्या हातांकडे असायचं. “मिसाक आधी चौकट करतो आणि मग तिच्यात मावेल एवढंच चित्र काढतो,” ती मला जिन्यात सांगायची. मिसाक आर्मेनियन, सुताराचा मुलगा, आमच्या दोघींचा मित्र. “अब्दुल-मुइज़ला रंग कळतो, पण थांबायचं कधी ते कळत नाही.” आणि बदीअ? “बदीअसमोर कुणीतरी बसून बघतंय असं धरून तो रंगवतो. एकटा असला तरी.” हे तिने त्याच्या तोंडावरही सांगितलं होतं. तो हसला होता. त्याला स्तुती वाटली.

युद्धानंतरच्या त्या वर्षांत बाहेरचा माल येणं बंद होतं. नळीतले रंग नाहीत, कॅनव्हास नाही, दम्मूरसुद्धा ओळखीने मिळायचं. तेव्हा शनिवारवाल्यांनी एक रीत पाडली. वर्षाच्या शेवटच्या शनिवारी प्रत्येकाने आपलं एक फसलेलं चित्र आणायचं. मिसाकच्या टोपीत चिठ्ठ्या टाकायच्या. ज्याचं नाव निघेल त्याचं चित्र घ्यायचं, खरवडायचं आणि त्यावर आपलं काढायचं. स्वतःचं स्वतः पुसायचं नाही. का, तर आपल्या फसलेल्या चित्रात आपल्याला नेहमी एखादा कोपरा आवडतो. तो कोपरा आपण वाचवत बसतो आणि नवं चित्रही बुडतं. दुसऱ्याच्या हाताला ती माया नसते. आणि दुसरा नियम, दिलेलं चित्र मेलं. ते कुठे आहे, त्याचं काय केलंस, हे पुन्हा विचारायचं नाही.

हे दोन्ही नियम बदीअने केले होते. टेबलावर उभं राहून, हात वर करून. मी तिथे होते. मी चहा केला होता.

१९७४ च्या डिसेंबरात इन्शिराहला बदीअची चिठ्ठी आली. चित्र होतं निळ्या नवरीचं. माणसाएवढी उंच नवरी, सगळी निळी, हातात मासा. “मासा का?” असं कुणी विचारलं, तेव्हा बदीअ म्हणाला, “म्हणूनच तर आणलंय. मलाही माहीत नाही.” हे कापड बदीअने इन्शिराहकडून न घेता बाजारातून स्वस्तात आणलेलं. खरवडलं असतं तर फाटलं असतं. म्हणून तिने ते खरवडलंच नाही. नवरीवर सरस आणि खडूचे दोन हात दिले, नवरी झाकून टाकली, आणि वर आपलं चित्र काढलं.

तिने काढली रांग. त्या वर्षी आम्ही सगळ्या बायका सरकारी दुकानासमोर तेल-साबणासाठी उभ्या राहायचो, ती रांग. सात बायका, सगळ्या पाठमोऱ्या, हातात रिकामे डबे. एकच बाई मागे वळून बघते आहे. कोणाकडे, ते कळत नाही. रागाने बघते आहे की ओळखीने, तेही कळत नाही. मी ते चित्र हजार वेळा पाहिलं असेल. ज्या दिवशी माझं मन जसं असेल तशी ती बाई बघते. इन्शिराहने आयुष्यात तीनशेच्या वर चित्रं काढली. एकदा मी तिला विचारलं, यातली खरी किती? क्षणभर न थांबता म्हणाली, “एक.” बोट रांगेकडे.

गट फुटला, माणसं पांगली. बदीअ कैरोला गेला, तिथून पॅरिसला, आणि नामवंत होऊन परतला. निळ्या रंगाचा माणूस अशी त्याची ख्याती. प्रत्येक मुलाखतीत तो आपल्या पहिल्या निळ्या चित्राची गोष्ट सांगायचा. निळी नवरी, जिच्यापासून सगळं सुरू झालं, आणि जी एका हिवाळी तुफानात तळघरात पाणी शिरून समुद्रात वाहून गेली. इन्शिराह ही मुलाखत रेडिओवर ऐकत भेंडी चिरायची. “समुद्र बरा सापडलाय,” म्हणायची, “त्याला विचारायला कोण जातंय?” तिने कुणाला काही सांगितलं नाही. नियम होता.

गेल्या हिवाळ्यात खरंच तुफान आलं. गच्चीचं छत गळलं, रांगेच्या खालच्या डाव्या कोपऱ्यात पाणी लागलं, आणि तळहाताएवढा पापुद्रा सुटून पडला. आत निळं. इन्शिराह तो पापुद्रा सरसाने चिकटवायचा विचार करत होती, तेवढ्यात नर्दीन आली.

नर्दीन एका नव्या मोठ्या कलादालनाची व्यवस्थापक. पस्तिशीची, हुशार, बोलायला गोड. बदीअचं आयुष्यभराच्या कामाचं प्रदर्शन भरणार होतं, त्यासाठी जुन्या गटाचे फोटो गोळा करत फिरत होती. मी तेव्हा वरच होते, इन्शिराहबरोबर चहा पीत. नर्दीनने फोटो पाहिले, चहा घेतला, खोलीभर नजर फिरवली, आणि त्या कोपऱ्यापाशी उकिडवी बसली. बराच वेळ उठली नाही.

“मॅडम इन्शिराह,” ती म्हणाली, “हे खाली काय आहे?”

“खाली मासळीबाजार आहे.”

“चित्राच्या खाली.”

इन्शिराहला खोटं बोलता येत नाही. तिने सांगून टाकलं. नर्दीन उठली. तिने लगेच जिन्यात जाऊन फोन केला. आठवड्याने एका तज्ज्ञाला घेऊन आली. त्याने दिवे लावले, भिंगातून पाहिलं, ओल्या कापसाने कोपरा चाचपला आणि फार खूश झाला. मधला थर सरसाचा असल्यामुळे वरचा थर पाण्याने सुटेल, म्हणाला. इतरांनी खरवडलं होतं तसं हिनेही खरवडलं असतं, तर खाली काही उरलंच नसतं. हिच्या नीटनेटक्या कामामुळे नवरी जशीच्या तशी होती, आणि त्याच नीटनेटक्या कामामुळे आता रांग उतरवता येत होती.

“मॅडम,” नर्दीन म्हणाली, “वरचं चित्रही वाचवायचा आम्ही प्रयत्न करू.”

“प्रयत्न.”

“तुकड्यांत निघेल कदाचित. पूर्ण खात्री देता येत नाही. त्याचे उत्तम फोटो आधी काढून ठेवू.”

“आणि खालच्याची?”

“खालच्याची खात्री आहे.”

इन्शिराह हसली. नर्दीनला वाटलं पटतंय, म्हणून तिने पुढचं पान टाकलं. “त्याबदल्यात एप्रिलमध्ये तुमचं स्वतंत्र प्रदर्शन. वरचा अख्खा मजला. चाळीस चित्रं, छापील पुस्तिका, सगळं आमच्याकडून. ही माझी स्वतःची कल्पना आहे, मॅडम. तुमच्यावर अन्याय झालाय.”

हे मात्र नेमक्या जागी लागलं. इन्शिराहचं स्वतंत्र प्रदर्शन कधीच झालं नव्हतं. शाळेच्या सभागृहात एकदा मांडलं होतं, तर मुख्याध्यापिकेने रांग काढून तिथे नाईलवरचा सूर्यास्त लावायला सांगितला. एकोणऐंशी वर्षांची बाई, भिंतीकडे तोंड करून उभी असलेली तीनशे चित्रं, आणि कुणीतरी पहिल्यांदा म्हणतंय, वरचा अख्खा मजला. “गुरुवारपर्यंत सांगते,” ती म्हणाली. ते आले तो दिवसही गुरुवारच होता. म्हणजे आठ दिवस.

त्या आठ दिवसांत मी जे केलं ते सांगायला मला आवडत नाही, पण सांगते. मी तिला म्हटलं, घे. “एक चित्र जाईल, चाळीस दिसतील. हिशेब सरळ आहे.”

“तू शिक्षिका आहेस, वाणीण नाहीस,” ती म्हणाली.

“मग काय, मरेपर्यंत मला एकटीलाच दाखवत बसणार आहेस?”

“तुला दाखवते हेच जास्त झालं!” असं म्हणून तिने दार लावलं. दोन दिवस आम्ही बोललो नाही. बावन्न वर्षांत एवढा अबोला फक्त एकदा, तिच्या मांजराने माझे मासे खाल्ले तेव्हा.

तिसऱ्या दिवशी मिसाक आला. शहाऐंशी वर्षांचा, काठी टेकत तीन जिने चढून. बदीअने त्याला पाठवलं होतं, हे त्याने दारातच कबूल केलं. मला भांडण ऐकायचंच होतं म्हणून मी मागोमाग वर गेले.

“इन्शिराह, पोरी,” मिसाक म्हणाला, “तो नियम नियम काय धरून बसली आहेस? नियमाला हात वर करणारे दहाजण मातीत गेले.”

“तू गेलास का?”

“अजून नाही.”

“मग तुझा हात वरच आहे. खाली कर बघू माझ्या देखत.”

मिसाकने दोन्ही हात काठीवर ठेवले. मग म्हणाला, “बदीअ रडला गं माझ्यासमोर. म्हणतो, माझी सुरुवात तिच्या चित्राखाली अडकली आहे.”

“सुरुवात!” इन्शिराह तावातावाने उठली. “त्याला फसलेलं चित्र नको होतं म्हणून त्याने ते दिलं. मी ते ठेवलं कारण माझ्याकडे कापड नव्हतं. आज त्याला ते हवंय, कारण लोकांनी त्याला सांगितलं की ते चांगलं होतं. त्याच्या समोर बसून बघणारा माणूस बदलला, एवढंच झालंय. मी कशाला पुसली जाऊ? आणि ऐका दोघं. एप्रिलमध्ये मी चाळीस चित्रं मांडली आणि रांग त्यात नसली, तर लोक काय बघतील? सरसवालीची कसरत. मला ते प्रदर्शन हवंय. देवाशपथ हवंय. रात्रंदिवस त्याचाच विचार करते. पण त्याची किंमत म्हणून जे चित्र मागताहेत, तेच तर मला तिथे लावायचं होतं.”

मला माझीच लाज वाटली. रसायनशास्त्राच्या बाईला एवढी साधी वजाबाकी चुकावी.

बुधवारी सकाळी तिने माझं दार वाजवलं. “तुझी इस्त्री दे. ती जुनी, जड, लोखंडी. आणि तू पण वर ये. तुझं डोकं लागणार आहे.”

वर तिने मेणाचा गोळा आणि बोटींच्या वाड्यावरून आणलेली राळ पातेल्यात घातलेली होती. बोटीच्या फटी बुजवायला वापरतात तीच. मला तिने एवढंच विचारलं, “हे कापडाच्या मागच्या बाजूने आत मुरवलं, तर तिन्ही थर एकमेकांना धरतील ना?”

मी बसून विचार केला. कापड सच्छिद्र, थर तडकलेले, म्हणजे पातळ मेण आत जाणार. मेण आत गेलं की सरसाला पाणी लागणार नाही, आणि पाणी लागल्याशिवाय तो सुटणार नाही. मेण काढायला कुणी टर्पेंटाइन वापरलं, तर दोन्ही चित्रं एकदमच हलतील. “धरतील,” मी म्हटलं. “कायमचे. वरची खालचीशिवाय निघणार नाही, खालची वरचीशिवाय निघणार नाही. तुझा पापुद्राही पुन्हा पडणार नाही. पण इस्त्री जरा जास्त तापली तर रंगाचा उठाव चपटा होतो, आणि त्याहून तापली तर रंग करपतो. मग खालचं जाईल की नाही ते सांगत नाही. वरचं जाईल.”

“आधी दुसऱ्यावर करून बघू,” असं म्हणून तिने भिंतीकडून एक चित्र ओढलं. तिचं स्वतःचं तोंड होतं, चाळिशीतलं. मी ओरडले. ती म्हणाली, “हे मला कधीच जमलं नव्हतं, सोड.” तोंड खाली, तेलकागदावर पालथं, मागे गरम मेण, वर इस्त्री. उलटून पाहिलं तर नाक करपलेलं. मी इस्त्रीला पाण्याचा थेंब लावून बघितला, ती जरा निवू दिली, आणि दुसऱ्यांदा कपाळावर. कपाळ ठीक. तिसऱ्यांदा हनुवटीवर, तेही ठीक.

मग रांग. खिळे तिने एकेक करून काढले. मिसाक तेवढ्यात जिना चढून आला. त्याला कुणी बोलावलं नव्हतं. पातेलं बघितलं, इस्त्री बघितली, सगळं समजला.

“मला यात ओढू नका,” म्हणाला. मग कोट काढला. “अगं, ते कडेने असं धरतात का? फाडशील. सरक.”

आम्ही तिघं, मिळून दोनशे बेचाळीस वर्षांची, गच्चीवरच्या खोलीतल्या टेबलाभोवती. मिसाकने कडा धरल्या, मी मेण पसरलं, तिने इस्त्री फिरवली. बोटभर जागा, थांबायचं, पुढची बोटभर जागा. मध्ये एकदा वास बदलला आणि मी “उचल!” म्हणून किंचाळले. ती म्हणाली, “माशाचं तेल आहे ते, तुझ्याच चुलीवरून येतंय.” खरंच माझा बसारिया, म्हणजे तळायला ठेवलेली बारीक मासळी, खाली करपत होता. करपू दिला. दुपारपर्यंत काम झालं. कापड उलटलं. सातही बायका जागच्या जागी होत्या, थोड्या काळवंडलेल्या, जणू मधल्या पन्नास वर्षांत त्यांनाही ऊन लागलं. वळून बघणारी बाई वळून बघत होती. इन्शिराहने खुर्ची ओढली आणि बसली.

“झालं,” मिसाक म्हणाला. “आता कितीही मोठा तज्ज्ञ आणा. यांचा घटस्फोट होत नाही.”

गुरुवारी नर्दीन आली, आणि बरोबर बदीअ. मी त्याला तीस वर्षांनी पाहत होते. पांढरा सुती सूट, रेशमी रुमाल, गुडघे माझ्यासारखेच गेलेले. जिन्याने त्याची बोलती बंद केली होती. तो खुर्चीत बसला. इन्शिराहने चहा दिला, दोन चमचे साखर, न विचारता. मग तिने चित्र उलटं करून मागची बाजू दाखवली. पिवळट, गुळगुळीत, मेणाचा वास येणारी.

नर्दीनला आधी कळलं. ती म्हणाली, “मॅडम, हे तुम्ही काय केलंत?” आणि मागे सरून भिंतीला टेकली. एप्रिलचं आता विसरा, हे तिने बोलून दाखवलं नाही, पण चेहऱ्यावर आलं.

बदीअला दोन मिनिटं लागली. मग तो भडकला. “तू माझं चित्र पुरलंस!”

“पुरलं पन्नास वर्षांपूर्वी. तू थडग्यावर फातिहा वाचायला आत्ता आलायस.”

“तो माझा रंग आहे. माझा हात आहे तिथे!”

“आहे ना. मी त्याला हाकललं नाही. खरवडायला सांगितलं होतं, तेही केलं नाही. खाली तू सुखरूप आहेस. फक्त वर मी राहते.”

“ही जिद्द आहे, इन्शिराह. नुसती जिद्द. सगळं जग ते बघायला उभं आहे.”

“जग आलं तर मी दार उघडीन. पण जग आधी माझं बघेल.”

तो चहा न पिता उठला. दारापर्यंत गेला. नर्दीन जिन्यात उतरली होती. मग त्याला काय झालं कुणास ठाऊक, तो परत वळला, चष्मा चढवला आणि रांगेसमोर उभा राहिला. मी घड्याळ बघितलं नाही, पण त्याच्यासाठी खास आणलेल्या बिस्किटांतली तीन मी खाल्ली एवढा वेळ. जुन्या काळात तळघरात तो असा इतरांच्या चित्रांसमोर उभा राहायचा, मान थोडी तिरकी करून. तेव्हा समोर कुणी बसून बघतंय असं त्याला वाटत नसावं.

“वळलेल्या बाईचा डावा हात चुकलाय,” तो शेवटी म्हणाला. “खांद्यातून येत नाही.”

“माहीत आहे.”

“पन्नास वर्षं दुरुस्त नाही केलास?”

“चाळिसाव्या दिवशी पहिल्या नजरेत दिसला नाही. नंतर दिसला. माझा आहे तो, राहू दे.”

“बाकी...” तो म्हणाला, आणि वाक्य तिथेच टाकून जिना उतरला. बाकी काय, ते तिने विचारलं नाही. मीच बोलणार होते, तिने डोळे वटारले.

एप्रिल आला आणि गेला. वरच्या मजल्यावर एका तरुणाच्या काचेच्या मांडण्या लागल्या. मेमध्ये बदीअचं प्रदर्शन उघडलं. आम्हाला आमंत्रण नव्हतं, म्हणून आम्ही तिसऱ्या दिवशी तिकीट काढून गेलो, तिघंही. इन्शिराहने एकेका चित्रासमोर वेळ दिला, घाई केली नाही. “हे खरं आहे,” ती तीन ठिकाणी म्हणाली. बदीअच्या चौऱ्याण्णव चित्रांत तीन, हे तिच्या मोजणीत खूप झालं. स्वतःला तिने एकच दिलं होतं.

शेवटच्या दालनात एक रिकामी चौकट लावली होती. खाली छापलेली पाटी होती. निळी नवरी, १९७४, समुद्रात हरवलेलं चित्र.

इन्शिराहने पाटी दोनदा वाचली. मग माझ्याकडे हात पुढे केला. “पेन.”

“अगं, पहारेकरी आहे.”

“पेन दे, इनायात.”

मी दिलं. तिने ‘समुद्रात हरवलेलं चित्र’ यावर सरळ रेघ मारली आणि खाली शाळेच्या फळ्यावरच्या अक्षरात लिहिलं, अन्फूशी, बोटींच्या वाड्यामागची हिरव्या दाराची इमारत, गच्ची. दुपारी चार ते सहा. वर माझं चित्र आहे, ते आधी पाहावं लागेल. आणि पूर्ण नाव, वडिलांच्या नावासकट. पहारेकरी धावत आला. “आजी, हे काय करताय!” मिसाक मध्ये आडवा उभा राहिला आणि त्याला आर्मेनियन भाषेत काहीतरी विचारत राहिला, जोवर सही वाळली नाही.

पाटी त्यांनी दुसऱ्या दिवशी बदलली असणार. पण कुणीतरी तिचा फोटो काढला होता, आणि तो फिरला. आता लोक येतात. कला महाविद्यालयाच्या मुली, एक निवृत्त नौदल अधिकारी, एक जोडपं बाळासकट, आमच्याच शाळेच्या तीन जुन्या विद्यार्थिनी, ज्यांना तिने नापास केलं होतं. तीन जिने चढतात, हाश-हुश करतात, तिच्या खुर्चीवर बसतात आणि रांगेकडे बघतात. बघून झाल्याशिवाय ती बोलत नाही. चहा मीच करते. गुडघे दुखतात, पण करते.

परवा एका मुलीने बराच वेळ बघून झाल्यावर विचारलं, “आजी, आणि खाली जी निळी नवरी आहे, ती कशी होती?”

“वाईट,” इन्शिराह म्हणाली. “म्हणूनच तर त्याने दिली.”